चवथीच्या पानासाठी थंड देशात केळ जगवताना

आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, गोव्यात फोंडा तालुक्यात आहे. पोफळी, माड, मिरवेली आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या पाटाच्या कडेने केळी. केळीला पाणी कमी पडू द्यायचं नाही आणि पावसाळ्यात वाऱ्याने ती आडवी होऊ नये म्हणून टेकू द्यायचे, एवढीच काळजी आम्हाला ठाऊक. थंडी म्हणजे पौषातली पहाट, पारा १८-२० वर उतरला की अंगावर शाल घ्यायची. थंडीने केळ मरते हे मला साठी उलटल्यावर कळलं, मुलीकडे इंग्लंडमधल्या स्विंडनला राहायला गेल्यावर.

स्विंडनमध्ये गोव्याची पुष्कळ माणसं आहेत. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तिथेही होते, जमेल तशी माटोळीही, म्हणजे गणपतीच्या वर फळापानांनी सजवलेली चौकटही, बांधतात. अडतं ते पानाशी. दुकानात गोठवलेली पानं मिळतात आणि ती काही उकडायला गुंडाळण्यापुरती चालतात, पण नैवेद्याला आणि पंगतीला हिरवं ताजं पान हवं असतं. म्हणून मुलीने मागच्या अंगणात केळ लावली होती. पहिल्याच हिवाळ्यात ती गेली. पुढचे तीन हिवाळे आम्ही दोघींनी मिळून ही विद्या शिकून घेतली. आता मी परत कुळागरात आहे, आणि ऑक्टोबर उजाडला की तिथून फोन येतात, "मावशी, केळ कशी बांधायची?" त्या सगळ्यांसाठी आणि यंदा पहिल्यांदाच केळ लावणाऱ्यांसाठी हे एकदा नीट लिहून ठेवते. हवामान दक्षिण इंग्लंडचं धरलं आहे. त्याहून कडक थंडीच्या गावात राहत असाल तर प्रत्येक थर दुप्पट धरा.

आधी केळ कोणती ते ठरवा

गोव्याहून बॅगेतून मुनवा, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारं पिल्लू, नेऊ नका. रोपांना फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला, लागतं, त्याशिवाय ती ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. आणि हा नियम योग्यच आहे. आपल्याकडच्या केळीत पर्णगुच्छाचा विषाणू असतो, तो मुनव्यांबरोबर प्रवास करतो. दुसरं कारण त्याहून साधं आहे. रसबाळी असो, सालदाटी असो की मयड्याची केळ, ती उघड्यावर त्या थंडीत टिकणार नाही. पारा १० अंशांच्या खाली गेला की आपल्या केळीला नवं पान सुटणं थांबतं, आणि शून्याला टेकला की पानं काळी पडतात.

तिथल्या गार्डन सेंटरमध्ये 'म्युसा बास्जू' मागा. तिला 'जपानी केळ' म्हणतात, कारण युरोपला ती जपानमार्गे कळली. तिचं मूळ घर दक्षिण चीन. पानं हिला पहिल्या कडक रात्रीच सोडून जातात, पण जमिनीतला कांदा वर चांगलं आच्छादन असेल तर उणे १० अंशांच्या आसपासही तगतो. तिची फळं बोटाएवढी, आत काळ्या बिया भरलेली, खाण्याजोगी नाहीत. ज्यांना केळी खायची आहेत त्यांनी बाजारातून आणावीत. आपल्याला पान हवं आहे, आणि पानाला ही केळ उत्तम आहे.

दुसरी एक जात 'म्युसा सिक्किमेन्सिस'. नावाप्रमाणे ती आपल्याच देशातली, सिक्कीम-दार्जिलिंगच्या डोंगरातली. पानाच्या मागे तांबूस झाक असते, फार देखणी दिसते. थंडी सोसण्यात ती बास्जूच्या जरा मागे. पहिलं रोप बास्जूचंच घ्या, हात बसला की दुसरी.

लाल पानांची, जाड बुंध्याची एक केळ तिथे सगळीकडे विकायला असते, 'एन्सेटे'. ती दिसायला केळ असली तरी तिचा स्वभाव वेगळा, आणि नवखी माणसं सर्वांत जास्त तिथेच फसतात. तिच्याबद्दल पुढे सांगते.

केळीचा जीव कुठे असतो

हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. ज्याला आपण केळीचा खांब म्हणतो ते खोड नव्हे. एकात एक घट्ट बसलेली पानांची सोपटं म्हणजे तो खांब. खरं खोड म्हणजे जमिनीतला कांदा. नवी पानं तिथून जन्मतात आणि खांबाच्या पोकळीतून सुरळी होऊन वर येतात. कुळागरात घड उतरवल्यावर आपण खांब तोडून टाकतो आणि बाजूचा मुनवा वाढतो, कारण कांदा जिवंत असतो.

थंड देशातही हाच हिशेब. पानं गेली तर हळहळू नका. खांब गेला तरी केळ मेली असं समजू नका. कांदा कुजला की मात्र सगळं संपलं.

मग खांब वाचवायची एवढी खटपट का करायची? पानासाठीच. खांब मेला तर मे महिन्यात केळ पुन्हा शून्यातून सुरू होते आणि चवथीपर्यंत जेमतेम छातीइतकी होते, पानं लहान. खांब वाचला तर तीच केळ माणसाच्या उंचीवरून पुढे वाढते आणि ऑगस्टअखेर हातभर रुंद पानं देते. आमच्या मुलीच्या अंगणात हा फरक आम्ही शेजारी शेजारी पाहिला आहे. एक खांब बांधलेला होता, एक नव्हता.

जागा आणि लागवड

तिथे सूर्य वर्षभर दक्षिणेकडून येतो आणि हिवाळ्यात अगदी खाली असतो. म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीच्या पुढ्यात, भिंतीपासून दीड-दोन फुटांवर केळ लावा. विटांची भिंत दिवसा ऊब साठवते आणि रात्री थोडी थोडी परत देते. वारा अडेल अशी जागा हवी, नाहीतर जुलैतच पानांच्या चिंध्या होतात आणि चिंध्या झालेलं पान पंगतीला चालत नाही.

जमीन चिकणमातीची असेल तर खड्डा नुसता खोल करू नका, तो पाण्याची विहीर होतो. कुजलेलं खत आणि जाड रेती किंवा बारीक खडी मिसळून जागा वीतभर उंच करा आणि वर लावा. रोप कुंडीत होतं त्याहून चार बोटं खोल बसवा, म्हणजे कांद्यावर मातीचं पांघरूण राहतं. जमीन हातभर खोल गेली की दक्षिण इंग्लंडात सहसा गोठत नाही, ही आपल्या बाजूची गोष्ट आहे.

लागवड मेअखेर ते जूनमध्येच करा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सवलतीत मिळालेलं रोप त्याच वर्षी जमिनीत लावू नका, मुळं धरायला त्याला वेळच मिळत नाही. ते पहिला हिवाळा कुंडीत काढू दे.

उन्हाळ्यात भरपूर पाणी, महिन्यातून दोनदा खत. केळ खादाड असते हे आपल्याला सांगायला नको. मात्र सप्टेंबरच्या सुरुवातीला खत बंद करा. उशिरा दिलेल्या नत्राने पाणीदार, कोवळी वाढ येते आणि पहिल्या थंडीत तीच सडते.

दसऱ्याला सामान जमवा

थंडी दारात आल्यावर धावाधाव करू नये. दसऱ्याच्या सुमाराला हे सगळं गोळा करून शेडमध्ये ठेवा: बांबूच्या किंवा लाकडाच्या चार काठ्या, खांबाला वेढेल एवढी कोंबडजाळी, कोरड्या पेंढ्याच्या दोन मोठ्या गासड्या, बागकामाचं पांढरं फ्लीस कापड, सुतळी, आणि वर झाकायला पावसात न भिजणारं काहीतरी.

पेंढा म्हणजे स्ट्रॉ. हे नीट विचारून घ्या, कारण दुकानात शेजारीच वाळलेलं गवत, ज्याला इंग्रजीत 'हे' (hay) म्हणतात, ठेवलेलं असतं. आपण गोव्यात दोन्हीला गवतच म्हणतो, पण इथे फरक महत्त्वाचा. पेंढ्याच्या काड्या पोकळ असतात, त्यांच्यात हवा राहते आणि ती हवाच ऊब धरून ठेवते. वाळलं गवत दबतं, ओल धरतं आणि कुजतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात सशांच्या पिंजऱ्यात घालायला पेंढा विकतात, तो चालतो. ओकसारख्या झाडांचा कोरडा पातेराही, म्हणजे गळलेली पानंही, चालतो, पण तो भिजला की गोळा होतो, म्हणून मी तो फक्त बुंध्याशी पसरते.

तुळशीच्या लग्नाला केळ बांधा

तारखेवर जाऊ नका, केळीकडे बघा. नोव्हेंबरात एखाद्या रात्री आकाश निरभ्र असतं, वारा पडलेला असतो, आणि सकाळी गवतावर पांढरं दहिवर गोठलेलं दिसतं. त्या दिवशी दुपारपर्यंत केळीची पानं काळपट होऊन लोंबायला लागतात. पहिल्यांदा बघताना पोटात कालवतं, पण हीच बांधायची खूण आहे. त्याआधी बांधलीत तर केळ आत वाढत राहते आणि कोंदट अंधारात नवी सुरळी कुजते.

कोरडा दिवस निवडा. लागोपाठ दोन दिवस पाऊस नसेल तर फारच छान, कारण ओला खांब बांधणं म्हणजे कूज आत बंद करून ठेवणं.

धारदार सुरीने सगळी पानं खांबाजवळ कापा, देठाचा चार बोटं भाग ठेवा. मधली गुंडाळलेली सुरळीही कापा. खांब दीड मीटरहून उंच असेल तर तिथे आडवा छाटा. उंच खांब बांधायला अवघड आणि वाऱ्यात पडायचा धोका. छाटलेल्या तोंडातून पाणी पाझरेल. ते घाबरण्यासारखं नाही, एखादा दिवस फ्लीसखाली सुकू द्या. जुने कपडे घाला, केळीचा चीक एकदा लागला की जात नाही.

मग बुंध्याशी मीटरभर रुंद घेरात वीतभर जाडीचा पातेरा किंवा झाडाच्या सालींचा भुगा पसरा. ही पायरी सर्वांत महत्त्वाची. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा, कांदा वाचेल.

खांबापासून वीत-दीड वीत अंतर सोडून चार काठ्या ठोका आणि बाहेरून कोंबडजाळी गुंडाळा. म्हणजे केळीभोवती जाळीचा उभा पिंजरा तयार झाला. खांबाला फ्लीसचे दोन सैल वेढे द्या. आता पिंजऱ्यात पेंढा भरायचा. मुठीमुठीने सोडा, हाताने हलके दाबा. ठासून भरला तर आतली हवा जाते आणि ऊबही जाते. फार सैल भरला तर महिनाभरात खाली बसतो आणि वरचा भाग उघडा पडतो. उशीत कापूस भरताना हाताला जो अंदाज असतो, तोच इथे. खांबाच्या टोकावरही वीतभर पेंढा आला पाहिजे.

शेवटी वर टोपी. प्लॅस्टिकचा तुकडा, खताची रिकामी पिशवी, पत्र्याचं झाकण, काहीही, पण पाणी आत जाता कामा नये आणि टोपी वाऱ्याने उडता कामा नये. सुतळीने नीट बांधा.

आता माझी चूक सांगते, कारण ती प्रत्येक गोवेकराच्या हातून होऊ शकते. पहिल्या वर्षी मला वाटलं, वर झाकलं तर बाजूनेही झाकावं, म्हणजे ऊब राहील. आम्ही अख्ख्या पिंजऱ्याला प्लॅस्टिक गुंडाळलं. शिवाय केळीला पाणी लागतंच या सवयीने मी दर आठवड्याला बुंध्याशी तांब्याभर पाणी ओतत होते. फेब्रुवारीत उघडलं तेव्हा प्लॅस्टिकच्या आतून थेंब ओघळत होते आणि खांब हाताला मऊ लागला. त्या हिवाळ्यात थंडी तशी सौम्यच होती. केळ गेली ती ओलाव्याने. कुळागरातला हात तिथे आवरावा लागतो: झोपलेल्या केळीला पाणी द्यायचं नाही. वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. पेंढ्याला श्वास घेऊ द्या.

मधले महिने

फारसं काही करायचं नसतं. संक्रांतीच्या सुमाराला एकदा कोरड्या दुपारी टोपी काढून आत हात घाला. पेंढा बसला असेल तर वरून भरा. वरचा थर ओला लागला तर तो काढून कोरडा घाला. आतून आंबूस, सडका वास येतो का ते बघा. येत असेल तर तेवढा भाग उघडून मऊ झालेली सोपटं कापून टाका, दिवसभर वारा लागू द्या आणि पुन्हा कोरड्या पेंढ्याने बांधा.

उबेला उंदीर येतात. बुंध्याशी बीळ दिसलं तर जाळीचा खालचा काठ मातीत दाबून टाका.

हवामानखात्याने लागोपाठ चार-पाच रात्री उणे पाचच्या खालचा अंदाज दिला तर पिंजऱ्याभोवती फ्लीसचे आणखी दोन वेढे द्या आणि थंडी ओसरल्यावर काढा. अशा लाटा रोज येत नाहीत, पण येतात. २०१० चा डिसेंबर ब्रिटनमध्ये शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर होता. अशा हिवाळ्यात खांब जाऊ शकतो. बुंध्याशी आच्छादन जाड असेल तर कांद्यातून पुन्हा कोंब येतो.

भाड्याचं घर, कुंडीतली केळ

आपली बरीच माणसं भाड्याच्या घरात राहतात, अंगण म्हणजे चार फरश्या. त्यांनी बास्जू मोठ्या कुंडीत लावावी. कुंडीत मुळांना चहूबाजूंनी थंडी लागते, म्हणून कुंडीतली केळ उघड्यावर ठेवू नये. पानं काळी पडली की छाटा आणि कुंडी गॅरेजमध्ये किंवा शेडमध्ये न्या. ५ ते १० अंशांची, न गोठणारी जागा हवी. केळ झोपलेली असल्याने उजेडाची गरज नाही. महिन्यातून एकदा, माती पार कोरडी वाटली तरच, पेलाभर पाणी.

घरात हीटरजवळ ठेवायचा मोह आवरा. तिथे केळ ना झोपते ना वाढते. कोरड्या हवेत तिला लाल कोळी लागतो, पानं मागून जाळी धरतात आणि पिवळी पडतात.

आता ती लाल पानांची एन्सेटे. तिला मुनवे येत नाहीत. वाढीचा कोंब एकच, तो गोठला की मागून कुणी यायचं नसतं. म्हणून तिला जमिनीत ठेवून बांधू नका. पहिल्या दहिवराआधीच खणून काढा, मुळांची माती झटका, मधली एक-दोन कोवळी पानं सोडून बाकी कापा. मग तिला तीन-चार दिवस उलटी टेकवून ठेवा, म्हणजे सोपटांत साठलेलं पाणी निथळून जातं. कोरडी झाली की वर्तमानपत्रात गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात उभी करा. मार्चअखेर पुन्हा कुंडीत लावायची.

शिगमो ते अक्षय्य तृतीया

मार्चमध्ये, आपल्याकडे शिगम्याचे ढोल वाजत असतात तेव्हा, तिथे चार दिवस लख्ख ऊन पडतं. शेजारपाजारी सगळे बागेत उतरतात आणि आपल्यालाही वाटतं, सोडू या केळीला. सोडू नका. त्या उन्हानंतर हमखास दहिवर येतं. फक्त टोपी थोडी तिरकी करा, हवा खेळू द्या.

एप्रिलच्या मध्यापासून वरचा पेंढा एकेक वीत कमी करत जा. पूर्ण उघडायचं ते अक्षय्य तृतीयेच्या आसपास, म्हणजे एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात. फ्लीस मात्र हाताशी ठेवा. संध्याकाळी आकाश स्वच्छ आणि हवा स्तब्ध असेल तर रात्री पांघरा, सकाळी काढा. महिनाभर हे करावं लागतं.

उघडल्यावर खांब तपकिरी, कुजका दिसेल. बाहेरची सोपटं सडलेली असणारच. अंगठ्याने दाबत वरून खाली या. मऊ लागतंय तिथे पातळ चकत्या कापत जा, मधला गाभा पांढरा आणि टणक लागेपर्यंत. तिथे थांबा. गाभा जिवंत असेल तर दोन-तीन उबदार दिवसांत तो छाटापेक्षा बोटभर वर सरकलेला दिसतो. मुलीने त्या सकाळी व्हिडिओ कॉलवर मला तो हिरवट कोंब दाखवला तेव्हा मी इथे मागच्या दारी अबोलीला पाणी घालत होते, बादली तशीच ठेवून खाली बसले.

गाभा जमिनीपर्यंत मऊ निघाला तरी खणून फेकू नका. जूनअखेरपर्यंत वाट पाहा. कोंब उशिरा येतात. त्यांना गोगलगायी खातात, तेवढं रात्री बॅटरी घेऊन वेचत चला. एकदा पानं सुटायला लागली की पाणी आणि खत पुन्हा सुरू करा. आता हात आवरायचं कारण नाही.

पान कापताना

पहिल्या वर्षीची पानं जेवायला वापरू नका. दुकानातल्या रोपावर कसली फवारणी झाली असेल सांगता येत नाही. दुसऱ्या वर्षापासून वापरा, धुऊन.

खांबावर वरची चार पानं आणि सुरळी कायम ठेवायची, त्यांच्या खालची कापायची. चवथीला दहा माणसांची पंगत असेल तर दोन-तीन खांब हवेत, म्हणून बुंध्याशी आलेले दोन जोमदार मुनवे राखा, बाकीचे काढून शेजाऱ्यांना द्या. पान सकाळी कापा, ओल्या फडक्याने पुसा, सुरळी करून ओल्या कपड्यात ठेवा. बास्जूचं पान आपल्या पानापेक्षा पातळ असतं, मांडताना फाटतं. कापलेलं पान गॅसच्या मंद आचेवरून एकदा फिरवलं की ते मऊ होतं आणि हिरवा रंगही खुलतो. शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, हे तिकडच्या पोरांना शिकवा.

खांब दोन-तीन हिवाळे पार करून गेला तर कधीतरी त्याला केळफूल येईल. त्यानंतर तो खांब मरतो, केळीचा धर्मच तो. त्याचा बियाळ घड खाता येत नाही, पण माटोळीला आपण रानातली किती न खाण्याजोगी फळं बांधतो. तो घड पिकायची वाट पाहू नका, हिरवा असतानाच उतरवा आणि माटोळीच्या मधोमध बांधा.